सोळाशे सीसीचं काय करायचं?

आमच्या गाडीचं पासिंग २०२७ साली संपतंय. म्हणजे तसा अजून वेळ आहे. पण गेल्या पावसाळ्यात एका रात्री ती वाघोबा खिंडीत बंद पडली आणि तेव्हापासून घरात हा एकच विषय चालू आहे. ठेवायची की बदलायची?

गाडी म्हणजे फियाट पॅलिओ, १.६ जीटीएक्स, २००२ सालची, पेट्रोल. नंबर एमएच-०४, कारण तेव्हा बोईसर ठाणे जिल्ह्यात होतं. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला, आमचं आरटीओ वसईचं झालं, नव्या गाड्या एमएच-४८ लावून फिरायला लागल्या. मी नव्या जिल्ह्यात गेलो, गाडी जुन्याच जिल्ह्यात राहिली.

त्या रात्रीचं सांगतो. सौ.ची मुंबईला तपासणी असते, दर तीन आठवड्यांनी. पहाटे निघायचं, दिवसभर थांबायचं, रात्री परत. एरवी आम्ही महामार्गावरून चिल्हार फाट्याला वळून थेट बोईसर गाठतो. त्या दिवशी मेव्हणी सोबत होती, तिला पालघरला सोडायचं होतं, म्हणून मस्तान नाक्यावरूनच आत वळलो. खिंडीच्या चढावर पेट्रोलचा वास यायला लागला. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. पेट्रोलच्या रबरी पाइपाला चीर गेली होती आणि थेंब थेंब गळत होतं, तेही गरम इंजिनाच्या शेजारी. टोइंगवाला यायला पावणेदोन तास लागले. धो धो पाऊस. दोघी बहिणी मागच्या सीटवर आणि मी छत्री धरून बाहेर. सौ. काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आमचे पालघरचे मेकॅनिक काका दुसऱ्या दिवशी पाइप हातात घेऊन म्हणाले, "साहेब, हा पाइप गाडीबरोबर आलेला दिसतोय. चोवीस वर्षांचं रबर. त्याला आता कडकपणा आला. त्यात ते नवीन पेट्रोल." नवीन पेट्रोल म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं. २०२३पासून ते पंपांवर यायला लागलं आणि २०२५पर्यंत देशभर तेच झालं. सरकारचं म्हणणं, जुन्या गाड्यांचं फारसं काही बिघडत नाही, मायलेज थोडं कमी होतं, काही रबरी भाग आणि गॅस्केटं मात्र जरा लवकर बदलावी लागतील. आता माझा पाइप इथेनॉलनं गेला की नुसत्या वयानं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. चोवीस वर्षं जुनं रबर कशानंही जातं.

खरं तर मी मेंटेनन्सचा माणूस. तारापूर एमआयडीसीत तीस वर्षं पंप, व्हॉल्व्ह आणि गिअरबॉक्स ह्यांच्यात गेली. दुरुस्त करायचं की नवीन घ्यायचं हा प्रश्न तिथे मी अर्ध्या तासात सोडवतो. बंद पडण्याचं प्रमाण बघायचं, स्पेअर मिळतात का बघायचं, नव्याची किंमत मांडायची, सही करायची. गाडीच्या बाबतीत सहा महिने झाले आणि मी अजून वही घेऊन बसलोय. वहीत खर्च लिहिलेला आहे. २०२३ला एकवीस हजार, २०२४ला अडतीस, २०२५ला चौसष्ट. फॅक्टरीतल्या एखाद्या पंपाचे हे आकडे असते तर तो केव्हाच भंगारच्या शेडमध्ये गेला असता.

पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, ती काही स्पोर्ट्स कार नाहीये हो. एक जुनी फियाट आहे."

हे मात्र लागलं. कारण माझ्या लेखी ती स्पोर्ट्स कारच आहे. आणि असं मला का वाटतं, ते जरा मागे जाऊन सांगावं लागेल.

आपल्याकडे स्पोर्ट्स कार नावाची वस्तू जवळजवळ नव्हतीच. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बंगळुरूच्या सॅन मोटर्सनं सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, फायबर बॉडीची छोटीशी गाडी काढली होती. आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ६० अश्वशक्तीचं. दिसायला खेळण्यासारखी गोड, पण फार थोड्या लोकांनी घेतली. ज्यांनी ऐंशीच्या दशकात तारुण्य काढलं त्यांच्यासाठी तर 'वेगवान गाडी' ही मोटारींच्या मासिकात बघायची गोष्ट होती. रस्त्यावर अँबॅसिडर आणि फियाट. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि चाळिशीच्या आतल्या अश्वशक्तीत आम्हाला ती विमानासारखी वाटली.

मग ठेवायची की बदलायची हा प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढीला पडत नव्हता का? नव्हता. बदलणार कशाशी? वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. सोलापूरचा हा माणूस, साखर, जहाजं, विमानं, सगळ्यात हात घालणारा. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जायच्या. पन्नासच्या दशकात फियाट ११०० आली, १९६४ला तिची पुढची आवृत्ती ११०० डी, आणि तीच गाडी सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी ह्या नावानं ओळखली जायला लागली. तेच १०८९ सीसीचं इंजिन, तोच स्टिअरिंगवरचा गिअर. जवळजवळ जशीच्या तशी ती २०००च्या सुमारापर्यंत निघत राहिली. छत्तीस वर्षं! जगात दुसरीकडे ह्या काळात गाड्यांच्या पाच-सहा पिढ्या होऊन गेल्या.

ह्याला कारणं होती. मोटार ही चैनीची वस्तू मानली जायची, किती बनवायच्या हे लायसन्सवर ठरायचं. १९५९ साली मोटारींचं वाटप आणि विक्री ह्यांच्यावर नियंत्रण आणणारा सरकारी आदेशच निघाला. पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. नवीन गाडी ठरलेल्या किमतीला, पण मिळत नाही. जुनी गाडी लगेच मिळते, म्हणून तिला वरचे पैसे. आज तरुण मुलांना हे सांगितलं तर ती हसतात. जुनी गाडी नव्यापेक्षा महाग कशी असेल? पण होती. आणि म्हणून गाडी टाकून द्यायची असते ही कल्पनाच आमच्या डोक्यात शिरली नाही. इंजिनाचं बोअर करायचं, पत्रा सडला की तुकडा जोडायचा, लांबी भरायची, रंग मारायचा, पुढे चालू. आमचे मेकॅनिक काका त्याच शाळेतले. ऐन विशीत ते कुर्ल्याला फियाट टॅक्सीच्या गॅरेजात होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एका टॅक्सीचं इंजिन त्यांनी स्वतः चार वेळा उतरवलं होतं.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईत अधिकृतपणे उरली नाही. त्या दिवशी पेपरात फोटो आले, लोकांनी हळहळ वगैरे व्यक्त केली. काका म्हणाले, "बसणाऱ्याला वाईट वाटतं साहेब. चालवणाऱ्याच्या पाठीला विचारा." (बरोबर आहे. आठवणी काढणारे लोक मागच्या सीटवर बसलेले असतात.)

तर अशा देशात २००१ साली फियाटनं कुर्ल्याच्याच कारखान्यातून पॅलिओ बाहेर काढली. १२०० सीसीची होती, ती बहुतेकांनी घेतली. आणि एक होती १६०० सीसीची. १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, १०० अश्वशक्ती. एका छोट्या घरगुती गाडीत! दरवाजे असे जड की लावताना लोखंडी कपाट लावल्यासारखा आवाज यायचा. जाहिरातीत सचिन तेंडुलकर. मी तेव्हा पस्तिशीच्या आत, नुकतीच पगारवाढ झालेली. सगळ्यांनी सांगितलं, बाराशे घे, नाहीतर मारुती घे. मी सोळाशे घेतली. आयुष्यात एवढा एकच अव्यवहार्य निर्णय घेतला असेन.

सचिनचा विषय निघालाच आहे तर त्याच्या गाडीचंही सांगतो, कारण ठेवायची की विकायची ह्या प्रश्नाचं आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण तेच आहे. २००२ साली पोर्ट ऑफ स्पेनला त्यानं २९वं कसोटी शतक काढून ब्रॅडमनशी बरोबरी केली. फेरारी तेव्हा फियाटच्या मालकीची. फियाटनं त्याला फेरारी ३६० मॉडेना भेट दिली आणि किल्ली दिली सिल्व्हरस्टोनला, मायकेल शूमाकरच्या हातून. ३.६ लिटरचं व्ही-८ इंजिन, ४०० अश्वशक्तीच्या आसपास. माझ्या गाडीचे चार तुकडे एकत्र. मग आला आयात शुल्काचा प्रश्न. एक कोटी तेरा लाख रुपयांचं शुल्क सरकारनं माफ केलं, त्यावरून गदारोळ झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी ती रक्कम फियाटनं भरली. ह्या सगळ्यावरून पुढे २०१२ला 'फेरारी की सवारी' नावाचा सिनेमाही आला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०११ला, सचिननं गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकून टाकली होती.

तेव्हा लोक चिडले होते. भेट मिळालेली वस्तू विकतात का? एवढं शुल्काचं रामायण होऊन? मीसुद्धा ऑफिसात तावातावानं बोललो होतो. आता वाटतं, त्यानं नऊ वर्षं वापरली, मुंबईच्या रस्त्यावर ती वापरून वापरून किती वापरणार, आणि विकली. गाडी होती, ट्रॉफी नव्हती. मला हे कळायला वाघोबा खिंडीत उभं राहावं लागलं, असो.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येतो. ही नाही तर दुसरी तशीच घ्या, त्यात काय? पण तशी दुसरी मिळत नाही, आणि त्याला कारण आहे २८ फेब्रुवारी २००६चं बजेट. अर्थमंत्री चिदंबरम ह्यांनी त्या दिवशी छोट्या गाड्यांवरचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. छोटी म्हणजे कोणती? लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. (डिझेलला १५०० सीसी.) त्या एका व्याख्येनं भारतीय मोटारीचा आकार ठरवून टाकला. डिक्या छाटलेल्या सेडान गाड्या तुम्ही पाहिल्या असतील, त्या ह्याच व्याख्येपायी जन्माला आल्या. आणि छोट्या अंगात मोठं इंजिन घालण्यात कुठल्याही कंपनीला अर्थ उरला नाही. लांबी छोटी असून कर मोठ्या गाडीचा.

गंमत म्हणजे ही रेघ अजून तिथेच आहे. २०१७ला जीएसटी आला तेव्हा ती राहिली. २२ सप्टेंबर २०२५ला दर बदलले तेव्हाही राहिली: रेघेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. म्हणजे आज कुणी माझ्या गाडीसारखी गाडी काढायची म्हटली तर तिला चाळीस टक्के कर. कोण काढेल?

अर्थात इथे प्रामाणिकपणे एक कबूल करायला हवं. मी शोरूममध्ये जाऊन एक लिटरची टर्बो गाडी चालवून पाहिली. हजार सीसीच्या आत, तीन सिलिंडर आणि अश्वशक्ती तीच, शंभर! पेट्रोल माझ्या गाडीच्या मानानं कितीतरी कमी पिते. धूर बीएस-६चा, आणि माझी गाडी बीएस-२च्या जमान्यातली. चिल्हार रस्त्याच्या चढावर ती माझ्या गाडीइतकीच पळेल, कदाचित जास्त. चालवताना आवाज मात्र मिक्सरसारखा. मी घरी येऊन फक्त आवाजाबद्दल बोललो. सौ.नं विचारलं, "आणि बाकी?" मी म्हटलं, बाकी ठीक आहे.

प्रदूषणाचा मुद्दा आला की आमच्या बोईसरात लोक हसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांत तारापूरचा पहिला नंबर आला होता, ९३.६९ गुणांनी. शाळेत असे मार्क पडले असते तर पेढे वाटले असते. "इथे तुझ्या एका गाडीच्या धुरानं काय होणारे?" असं मित्र म्हणतात. मला हा युक्तिवाद कधी पटला नाही. ज्या एमआयडीसीनं माझा पगार दिला तिच्या धुराआड मी माझा धूर लपवायचा, हे काही खरं नाही.

गाडी ठेवण्याच्या बाजूनं मी आणखी एक गोष्ट पुढे करत असे, ती म्हणजे तारापूरचं अणुवीज केंद्र. आमच्या गावाची सगळ्यात जुनी मशीन. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं बांधलेल्या दोन अणुभट्ट्या, २८ ऑक्टोबर १९६९पासून व्यावसायिक वीजनिर्मिती. जगातल्या सगळ्यात जुन्या व्यावसायिक अणुभट्ट्यांत त्यांची गणना होते. बांधणारा बाजूला झाला तर मशीनचं काय होतं, हे आमच्या गावानं पाहिलेलं आहे. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेशी बिनसलं, इंधनाचा पुरवठा अडखळत अखेर थांबला. १९८२च्या करारानं फ्रान्सनं ती जागा घेतली. पुढे चीन, रशिया. सुट्या भागांचं आणि दुरुस्तीचं तर इथल्या लोकांनाच बघावं लागलं. स्टीम जनरेटरच्या नळ्या गळायला लागल्या तेव्हा ऐंशीच्या दशकात क्षमता २१० मेगावॅटवरून १६० वर आणली. म्हणजे आमच्या भाषेत, गाडी चौथ्या गिअरात चालवायची, पाचवा टाकायचा नाही. २००५-०६ला मोठी डागडुजी झाली. २०२०ला दोन्ही भट्ट्या पुन्हा थांबवून पाण्याच्या मुख्य पाइपांसकट मोठं काम हाती घेतलं. पन्नास वर्षं झालेली मशीन मोडीत काढायच्या ऐवजी तिची पाइपं बदलायला घेतली!

ह्याच्या शेजारी नव्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या, ५४० मेगावॅटच्या, २००५ आणि २००६ला सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. नवं घेतलं की त्याचीही किंमत कुणीतरी भरतं, एवढंच म्हणायचंय.

हे सगळं मी एका रविवारी सौ.ला सांगत होतो. बघ, तिथे पन्नास वर्षं झाली तरी ठेवतात आणि माझी तर पंचविशीचीही नाही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, तिथे पाइप तपासायला रोज शंभर माणसं असतात. तुमच्याकडे एक काका आहेत, आणि ते सत्तरीचे झाले."

मेंटेनन्सच्या माणसाला मेंटेनन्स शिकवला तिनं. मशीनचं वय सालावर मोजायचं नसतं, तिच्या मागे कोण उभं आहे त्यावर मोजायचं असतं, हे मी फॅक्टरीत नव्या पोरांना सांगत आलो. पॅलिओच्या मागे कोण आहे? कारखाना कुर्ल्याहून रांजणगावला गेला, पॅलिओ बंद झाली, २०१९ला फियाट नावाच्या गाड्याच भारतात बनायच्या थांबल्या. आता स्पेअर पाहिजे तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जायचं, जिथे जुन्या गाड्या सोडवून त्यांचे भाग विकतात. २०१८ला मी तिथून हेडलाइट आणला, २०२१ला गिअरबॉक्सचा भाग, गेल्या वर्षी रेडिएटरचा पंखा. जिथे गाडी जन्मली त्याच कुर्ल्यात तिचे अवयव मिळतात. प्रत्येक वेळी दुकानदार फडक्यानं पुसून भाग हातात देतो आणि आपण आनंदात घरी येतो. तो भाग मिळाला म्हणजे कुणाची तरी पॅलिओ सोडवली गेली, हे मनात येत नाही.

आता थोडं नियमांचं, कारण तो हिशेबही वहीत मांडलाय. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. मग फिटनेस दाखवून, राज्याचा पर्यावरण कर भरून, पाच-पाच वर्षांनी वाढवायची. मी २०१७ला वाढवली तेव्हा नूतनीकरणाची फी सहाशे रुपये होती. १ एप्रिल २०२२पासून ती पाच हजार झाली आणि माझं दुसरं नूतनीकरण नेमकं त्याच वर्षी. २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार केली. दिल्लीत तर पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब करून बंदी आली होती, आणि २०२५च्या जुलैत पंपावर त्यांना पेट्रोलच द्यायचं नाही असं ठरलं, ते दोन-चार दिवसांत गुंडाळावं लागलं. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे फक्त दर पाच वर्षांनी विचारतात, खरंच ठेवायचीय का?

भंगारात द्यायची तर २०२१चं धोरण आहे. अधिकृत केंद्रावर दिली तर नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमूल्य आणि नव्या गाडीच्या रस्ता करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट. वाईट नाही.

आणि ठेवायचीच असेल तर? २०२१ सालीच विंटेज गाड्यांचेही नियम आले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी झाली की तिला वेगळा 'व्हीए' नंबर मिळतो. तिचं कौतुक होतं, रॅलीत हार घालतात. माझी गाडी विंटेज होणार २०५२ला. म्हणजे पंधरा ते पन्नास ही पस्तीस वर्षं गाडी कुणाचीच नसते. नवी नाही म्हणून फी वाढते, आणि विंटेज नाही म्हणून मान नाही. ज्या फियाट ११०० आज हारतुरे घालून रॅलीत येतात त्या मधली वर्षं कशा जगल्या असतील? कुणाच्या तरी गोठ्यात, ताडपत्रीखाली, बहुतेक बायकोची बोलणी खात. माझ्याकडे गोठा नाही. सोसायटीत एकच पार्किंग आहे. दारापासून समुद्र फार लांब नाही आणि चिंचणीचा वारा पत्र्याला काय करतो ते खिडकीच्या गजांना विचारा.

दिवाळीनंतर एकदा सौ.ला म्हटलं, ठरलं, बदलूया. तुझ्या मुंबईच्या फेऱ्या आहेत, रात्री-अपरात्री गाडी बंद पडून चालणार नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बदलायची तर बदला. पण माझ्या दवाखान्याचं नाव पुढे करू नका. मी २०१३पासून डहाणू लोकलनं जातेय-येतेय, अजूनही जाईन. उद्या तुम्ही म्हणाल, हिच्यामुळे गाडी गेली."

खरं होतं. ठेवण्यासाठी मी इतिहास पुढे करत होतो आणि सोडण्यासाठी तिचं आजारपण. दोन्ही वेळा माझं स्वतःचं म्हणणं बाजूला ठेवत होतो. माझं म्हणणं काय, तर मला आता ह्या गाडीची भीती वाटते. चाळिशीत असताना तिनं दगा दिला तर मजा वाटायची, सांगायला किस्सा मिळायचा. आता चढावर पेट्रोलचा वास आला की हात थरथरतात. एवढं कबूल केल्यावर वहीतल्या आकड्यांची गरज उरली नाही.

भंगार केंद्राचा पत्ता काढून ठेवला होता. जाण्याआधी काकांच्या कानावर घालावं म्हणून पालघरला गेलो. ते बराच वेळ बॉनेट उघडून बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, केंद्रात देऊ नका. ते दाबून टाकतील. एक पोरगा आहे इथलाच, त्याच्याकडे पण सोळाशेच आहे. बॉडी एकदम चांगली, इंजिन गेलंय. त्याला इंजिन पाहिजे, गिअरबॉक्स पाहिजे."

"आणि बाकीची गाडी?"

"बाकीची काय, दोन दरवाजे लागतील. काचा लागतील. पत्रा तर सडलाय साहेब, तुम्हाला पण माहितीय."

म्हणजे आजवर माझी गाडी ज्या दुकानांवर जगली त्याच रांगेत आता ती जाणार. आधी जरा कसंतरी झालं. मग आठवलं की माझा हेडलाइट, गिअर आणि पंखा कुठून आले ते. कुणीतरी सोडली म्हणून माझी चालली.

पोरगा येऊन बघून गेला. सव्वीस-सत्तावीसचा असेल, पॅलिओ बाजारात आली तेव्हा बालवाडीत असणार. त्यानं गाडी चालू केली, ॲक्सिलरेटर दाबला, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि काकांकडे बघून हसला. त्या हसण्यावर मी पाच हजार कमी केले. अट एकच घातली, आधी फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावर करून घ्यायची, पुढचे सोपस्कार आरटीओत रीतसर करायचे, मगच पाना लावायचा. तो रविवारी पैसे घेऊन येणार आहे. नवी गाडी बुक केलीय, मिक्सरच्या आवाजाची.

काल सौ.नं विचारलं, मागची डावी काच खाली जात नाही, हे त्याला सांगितलंत का?

अजून नाही सांगितलं.